पाकाची तार

"माझ्यावर कुणाचा म्हणून विश्वास नाही!" एवढं एकच वाक्य तोंडात घेऊन एकदा एक हलवाईण आपल्या गुरूच्या दारात येऊन बसली. बसली म्हणजे कशी, तर आधी तिनं चौकट धरली, मग गुडघा धरला, मग देवाचं नाव घेतलं आणि मग कुठे पायरीवर टेकली. नाव हौसाबाई. लग्नाचे, बारशाचे, दिवाळीचे लाडू, चिक्की आणि चिरोटे करून देणारं मोठं स्वयंपाकघर ती चालवत असे. लाडू वळायला बाया पुष्कळ होत्या, पण पाक मात्र हौसाबाईचा. तिच्याखेरीज कढईला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे.

तिची गुरू म्हणजे ऐंशीच्या घरातल्या आक्का. पाकाची विद्या त्यांनीच तिला दिली. विद्या म्हटल्यावर कुणी हसू नये. साखर कुठवर सरबत असते, केव्हा तार धरते आणि केव्हा दगड होऊन बसते हे नेमकं ओळखणं ही विद्याच आहे, आणि ती पोथीत सापडत नाही.

"कुणाचा विश्वास नाही गं?" आक्कांनी शेंगा सोलता सोलता विचारलं.

"कुणाचाच नाही. आक्का, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघे वाचवायचे तर वजन उतरवा, कार्ब कमी करा. मी विचारलं, हे कार्ब राहतं कुठं? तर म्हणाल्या, भाकरीत, भातात, फळात, साखरेत. झालं! त्या दिवसापासून भाकरीचा तुकडा तोंडात घातला नाही. भात नाही, केळं नाही, पेरू नाही, समोर सीताफळ फुटून पडलं तरी बघितलं नाही. लाडू तर मी वर्षानुवर्षं खात नाही. अंडी खाते, पालेभाजी खाते, ताक पिते. आणि काटा? जागचा हलत नाही मेला!"

"बरं. मग विश्वासाचं काय?"

हौसाबाईचा आवाज चढला. "माझी धाकटी जाऊ, शेवंता! सगळ्या बायांदेखत म्हणाली, 'ताई, हवा भरून सायकलची ट्यूब फुगते, माणूस नाही फुगत.' फिदीफिदी हसल्या सगळ्या. हसू देत. पण काल तिनं कोठीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. वर म्हणते, 'तुमच्याच पथ्याला सोपं जाईल हो.' म्हणजे मी चोरून लाडू खाते! जे घर मी उभं केलं, त्या घरात मी चोर ठरले. गुडघा गेला तर काठी मिळते आक्का, अब्रू गेली तर कशाला टेकून चालायचं?"

आक्कांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तू खोटं बोलत नाहीस."

हौसाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"पण चोरीही खरीच आहे," आक्का म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं, दोष कुणाचा?"

हौसाबाईपाशी उत्तरं तयारच होती. दोष भाकरीचा, कारण जन्मभर तिनंच अंगावर मांस चढवलं. दोष माहेरच्या हाडापेराचा. दोष शेवंताच्या नजरेचा. दोष डॉक्टरीणबाईंच्या काट्याचा, तो तर उघड बिघडलेला. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं, अंगणातल्या कडुनिंबाचा पाला ओरबाडला, पाट्यावर वाटला आणि तो हिरवा लगदा हौसाबाईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला नि त्याच्या शेजारच्या बोटाला चोळून वाळू दिला. उरलेला वाटीत भरून तिच्या हातात ठेवला.

"उद्या पाक तू कर, पण लाडवाला हात लावू नकोस. हात धुतलास की हे पुन्हा चोळ."

"आणि खायचं काय?"

"रोज खातेस तेच."

"आक्का, अंगावरचं दूध तोडायला आई कडुनिंब लावते. मी काय तान्हं पोर आहे?"

"ते उद्या कळेल," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

हौसाबाई मनातून रुसली. पण गुरूची आज्ञा. दुसऱ्या दिवशी ती बोटं हिरवी करून कढईपाशी उभी राहिली. पाक उकळू लागला. झाऱ्यावरचा थेंब तिनं चिमटीत धरला, बोटं फाकवली, तार बघितली, आणि क्षणात "थू थू थू!" करत मोरीकडे धावली.

"काय झालं ताई?" शेवंता म्हणाली. "पथ्याचं काही तोंडात गेलं वाटतं?"

हौसाबाईला वाटलं, वाऱ्यानं पाला उडून तोंडात गेला असेल. पण दुसऱ्या खेपेलाही तोंड कडू झालं, तिसऱ्या खेपेलाही. चौथ्या खेपेला तिनं आपल्याच हातावर चोरावर ठेवावी तशी पाळत ठेवली. तेव्हा तिला दिसलं. तार बघून झाली की बोटं फडक्याकडे जात नव्हती. ती सरळ तोंडात जात होती. तिला न विचारता, तिची परवानगी न घेता. किती वर्षांची ही सवय, देव जाणे!

मग ती हट्टाला पेटली. बोटांवरचा प्रत्येक थेंब तिनं एका पेल्याच्या काठाला निपटून टाकायला सुरुवात केली. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सकाळी ती तार बघायची ती पाकासाठी. पण दुपार कलली, पोटात कावळे कोकलू लागले, की पाक कधीचा उतरलेला असला तरी बोटं पुन्हा पुन्हा झाऱ्याकडे वळायची. तार कशाची बघायची होती आता? संध्याकाळी पेल्यात इतका पाक साठला होता की त्यात पाणी घातलं असतं तर चार पाहुण्यांचं सरबत झालं असतं.

तो पेला तिनं आक्कांपुढे ठेवला. मान खाली. "आक्का, मी खरं बोलत होते आणि खरं बोलतही नव्हते."

आक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हौसे, नीट ऐक. भाकरी पुढल्या दारानं येते. ताटात बसते, चावायला लावते, आणि पोट भरलं की सांगते, आता पुरे. पेरूचंही तसंच, दातांना मेहनत दिल्याशिवाय तो आत जात नाही. अशी ही सभ्य माणसं तू घराबाहेर काढलीस. पोट काय उगी बसेल? त्याचं हक्काचं तू बंद केलंस, म्हणून त्यानं हाताला मागल्या दारानं चोरीला पाठवलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? कमी करा. तू काय केलंस? बंद! अगं, मीठ कमी घाल म्हटलं तर तू भाजी अळणी करतेस का? ताटात हक्काचा घास असला की हाताला चोरी सुचत नाही."

मग आक्कांनी ताट लावून दिलं. दुपारी ज्वारीची एकच लहान भाकरी, तिच्यासोबत वाटीभर उसळ आणि ताटभर भाजी. तिसऱ्या प्रहरी अर्धा पेरू, बियांसकट, सावकाश. केळं, सीताफळ, आंबा यांचा रुसवा धरायचा नाही, पण त्यांनी पाहुण्यासारखं यावं, घरजावयासारखं मुक्काम ठोकू नये. आणि कढईशेजारी कायमचं एक ओलं फडकं. हौसाबाईनं हे डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, मी बंद करा कधी म्हटलं होतं? असंच खा!"

पहिली भाकरी समोर आली तेव्हा हौसाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. माहेरचं माणूस इतक्या दिवसांनी भेटावं तशी ती तिच्याकडे बघत राहिली. खाल्ल्यावर पोट निवांत झालं, आणि त्या दुपारी बोटं पाकाकडे गेली ती पाकासाठीच.

काटा थोडे दिवस रुसला. मग खाली येऊ लागला, घाई न करता, पण मागे न वळता. बांगड्या मनगटावर सैल झाल्या. गुडघा कुरकुरायचा थांबला असं नाही, पण शिव्या द्यायचा थांबला. गौरी आल्या नि गेल्या, दसरा झाला, आणि दिवाळीच्या मालाची झुंबड उडाली, तेव्हा हौसाबाई सकाळपासून सांजेपर्यंत कढईपाशी उभी होती. उभी! एरवी ती ज्या स्टुलावर टेकायची, ते शेवंताच घेऊन बसली होती.

काम आवरलं तशी हौसाबाई साखरेची पोती तोलायच्या काट्यापाशी गेली, पदर खोचला आणि सगळ्यांदेखत त्यावर उभी राहिली. "या गं, या! ट्यूबमधली हवा बघा किती उतरली ती!"

बाया धावल्या. काट्याकडे बघून एकच गलका झाला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी तिची अलाबला घेऊन कानशिलावर बोटं मोडली. शेवंतानं वाकून काटा स्वतः बघितला. मग पुढे आली, कमरेची किल्ली काढली आणि जावेच्या तळहातावर ठेवली.

"चुकले ताई. भाकरी खाऊन, पेरू खाऊन तुम्ही हे करून दाखवलंत. कोठीचा जुना हिशेब मी ताडून बघितला, एक लाडूही कमी नव्हता. लाडवाला तुम्ही शिवला नव्हता, आता पटलं. पण मग इतके दिवस तुमच्या पोटात गोड घालत होतं कोण? जे कुणी असेल त्याचं नाव सांगा, आज सोडायचं नाही त्याला!"

सगळ्या कान टवकारून उभ्या राहिल्या. हौसाबाईनं किल्ली कमरेला खोचली. भाकरीवर, माहेरावर, जावेवर, काट्यावर आजवर जे बोट तिनं रोखलं होतं, ते तिनं सगळ्यांसमोर उंच धरलं. शाळेच्या चारच इयत्ता शिकली होती ती, पण बाईंनी हाताच्या बोटांची नावं पाठ करून घेतली होती, त्यांतलं एक नाव तिला बरोबर आठवलं. आणि एखाद्या जिंकलेल्या राणीनं कैद्याचं नाव पुकारावं तशा खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"तर्जनी."