खाडीचं तोंड

कोकणात धारवलीच्या खाडीकाठी उदाजीराव नावाचे सरदार राहत. पराक्रम बेताचाच, पण तोरा मोठा. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाचा वास त्यांच्या पाहुण्यांना सोसेना. रावांनी हुकूम सोडला, "खाडीचं तोंड दगडांनी बुजवा. आत कायम पाणी राहील, आमच्या वाड्याचं प्रतिबिंब दिसेल!"

एवढ्याशा हौसेसाठी हा शहाणा अख्खी खाडी मारायला निघाला.

कोळीवाड्यातली म्हातारी पोशीबाय सदरेवर गेली. "सरकार, भरती-ओहोटी अडवलीत तर खाडी मरेल."

"पाणी कधी मरतं का? पटवून दे, नाहीतर चालती हो!"

"पटवते. तोवर तुम्ही नाक-तोंड घट्ट दाबून धरा."

ऐटीत रावांनी धरलं. पोशीबाय सावकाश काठावरची तिवरं, चिखलातली कालवं, भरतीबरोबर आत येणारी मासळी वर्णू लागली. रावांचे डोळे बाहेर आले. हात सोडून ते धापा टाकत ओरडले, "जीव घेतेस काय माझा?"

"खाडीचा श्वास जन्मभर कोंडायला निघालात," पोशीबाय म्हणाली, "आणि स्वतःचा घटकाभर धरवेना?"

सगळी सदर खदखदून हसली. रावांनी तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला. वास सोसत नसेल त्या पाहुण्यांनी येऊच नये, असंही वर कळवलं.