हिरव्या भुकटीचा शोध

फार जुनी गोष्ट आहे, नकाशेही नव्हते तेव्हाची. एका राज्यात चारुमती नावाची राजवैद्य होती. तिला नव्या गोष्टींचं भारी कुतूहल.

एकदा डोंगरांपलीकडून एक व्यापारी आला. त्याने चहाच्या कोवळ्या पानांची हिरवीगार भुकटी राजासमोर ठेवली. "महाराज, ही गरम पाण्यात घुसळून प्या. सगळे आजार पळतात!"

राजा प्यायला. त्याला तरतरी आली. मग तो उठता-बसता तेच पिऊ लागला. चारुमती त्याला रोज द्यायची ते औषध त्याने बंद केलं, जेवणही कमी केलं. काही दिवसांतच त्याची झोप उडाली, छाती धडधडू लागली.

"हे विष आहे, जाळून टाका!" प्रधान म्हणाला.

"कमी पडतंय, आणखी प्या!" व्यापारी म्हणाला.

चारुमती म्हणाली, "ही भुकटी येते कुठून, ते आधी मला बघून तर येऊ द्या."

ती डोंगरात गेली. तिथे एक म्हातारी चहाची झाडं सावलीत वाढवायची आणि पानं वाळवून जात्यावर दळायची. चारुमती तिच्याकडेच राहिली.

"आजी, याने आजार पळतात का हो?"

म्हातारी खळखळून हसली. "माझे गुडघे रोज दुखतात, बाई! पण हे प्यायलं की मन जागं होतं आणि शांतही राहतं."

चारुमतीने स्वतः पिऊन पाहिलं. सकाळी एक वाटी घेतली तर काम सुचे. संध्याकाळी घेतली तर डोळा लागत नसे. उपाशीपोटी घेतली तर मळमळे. तिथल्या गावातली म्हातारी माणसं काटक होती खरी, पण ती डोंगर चढत होती, साधं खात होती, वेळेवर झोपत होती.

ती परतल्यावर राजाने अधीरपणे विचारलं, "मग? औषध की विष?"

"दोन्ही नाही, महाराज. छान पेय आहे. याचे आणखीही गुण असतील, ते मी शोधत राहीन. पण औषधाचं काम औषधच करील आणि झोपेचं काम झोपच."

राजाने ऐकलं. सकाळी न्याहारीनंतर एक वाटी, एवढंच ठेवलं. औषध पुन्हा सुरू झालं. हळूहळू छातीची धडधड थांबली, झोप परतली. व्यापाऱ्याला त्याने हाकललं नाही, फक्त खरं तेवढंच सांगून विकायला लावलं.

तात्पर्य: चांगल्या वस्तूचा गुण पारखून आणि बेताने घ्यावा, तिला सर्व दुःखांवरचा उपाय मानू नये.