बापाचं वजन

शर्यत जिंकली तानूनं, आणि तुपाच्या बुधल्यांवर चित्र झळकलं रणधीरचं!

तानू ही बिरू मेंढपाळाची लेक. सुरंगपूरच्या जत्रेत टेकडीपासून राजवाड्यापर्यंत ती अनवाणी धावली आणि सगळ्यांच्या आधी दारात पोचली. रणधीर हा सरदार भुजंगरावांचा चिरंजीव. त्याला शिकवायला वस्ताद, पायांत मऊ जोडे, वाटेत सरबत द्यायला नोकर! एवढा सरंजाम घेऊन तो पोचला, तेव्हा त्याच्या मागे फक्त एक लंगडणारा पोरगा उरला होता. तरी भुजंगरावांनी त्याची पाठ थोपटली. "माझा वाघ आज दमला होता हो!"

गावातले बडे तूपवाले माणिकशेठ. रणधीर रोज त्यांचंच तूप खायचा. शर्यतीतल्या एका मुलाला वर्षभर दूधतूप, जोडे आणि वस्ताद देणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. बदल्यात त्या मुलानं गावोगाव दवंडी पिटायची, 'माणिकशेठचं तूप खा आणि माझ्यासारखं धावा!' तानूचा जीव त्या वस्तादात अडकला होता. तो मिळाला तर पुढच्या साली शेजारच्या राज्यातल्या मोठ्या शर्यतीत उतरता येणार होतं. नाहीतर पुन्हा मेंढरं. पण शेठजींनी नाव घेतलं रणधीरचं. घेणारच! बुधल्यांवर त्याचं चित्र शर्यतीच्या आधीच काढून झालं होतं, आणि रंग काही फुकट मिळत नाही.

तानू तडक दरबारात गेली.

"महाराज, पुढं मी आले. मग तूप त्याला कसं?"

राजा उदयभान हट्टी माणूस. त्यात भुजंगराव त्याच्या पंगतीतले. त्यानं माणिकशेठकडे पाहिलं.

"अगं पोरी," शेठजी हसले, "धावायचं काय, कुत्रंही धावतं! पण दवंडी ऐकायला माणसं जमायला नकोत का? रणधीरच्या पाठीशी बापाचं वजन आहे. तुझ्या पाठीशी कोण?"

"माझा आबा!"

दरबार खो खो हसला. बिरू दाराशी काठीला टेकून उभा होता. त्याच्यात आणि काठीत जाड कोण, हे सांगणं अवघड होतं. भुजंगराव मात्र लोडांमध्ये असे रुतले होते, की त्यांना उठवायला माणसं ठेवावी लागत.

राजाला गंमत सुचली. "ठरलं! उद्या सकाळी सरदारांच्यापेक्षा जास्त वजन तुझ्या पाठीशी दाखव. दाखवलंस तर मान तुझा. नाहीतर पुन्हा इथे तोंड दाखवायचं नाही!"

"कबूल, महाराज! पन शेटजी म्हनले तिथंच तोलायचं. पाठीशी!"

"कबूल!"

बाहेर आल्यावर बिरू कुरकुरला. "पोरी, एका रातीत मी काय फुगनार हाय व्हय?"

"फुगू नगा, आबा. फकस्त रातीची भाकर जरा बेतानं खावा!"

भुजंगरावांच्या घरी मात्र त्या रात्री विजयाची मेजवानी झाली. बासुंदी आणि पुऱ्या! विजय कसला, हे विचारायची कुणाला सवय नव्हती.

सकाळी मैदानात माणिकशेठनी आपला मोठा तराजू मांडला. वर फुलांची माळही घातली.

तानूनं तराजूकडे पाहिलं. "ह्यो कशाला? बापाचं वजन पोराच्या पाठीशी असतंय, असं शेटजीच म्हनले. मग पाठीवरच तोला की! आपापला बाप पाठीवर घ्यायचा, मैदानाच्या टोकाच्या त्या निशानाला शिवायचं आन् म्हागारी यायचं."

"अगं, ती नुसती बोलायची रीत असते!" शेठजी ओरडले.

"मग मानबी नुसता बोलूनच द्या की त्याला! तूप कशाला देताय?"

राजाच्या मिशीत हसू फुटलं. "शब्द दिलाय आम्ही. सरदार, उठा!"

माणसांनी सरदारांना उठवलं. रणधीर वाकला. भुजंगराव टेकले न टेकले तोच "आई गं!" झालं आणि बापलेक दोघेही धुळीत!

"नीट धर, गाढवा!"

"बाबा, जरा हलके व्हा ना!"

दुसऱ्या खेपेला वस्ताद मागून रेटायला आला, नोकर दोन्हीकडून टेकू द्यायला धावले.

"बाजूला व्हा सगळे!" राजा गरजला. "पाठ पोराची आहे!"

सगळे बाजूला झाले आणि सरदार पुन्हा धुळीत गेले. या खेपेला त्यांनी उठायचा विचारच सोडून दिला.

तानूनं बिरूला पाठीवर घेतलं, ती निशाणाला शिवून आली आणि त्याला तसाच घेऊन राजापुढे उभी राहिली.

"पण महाराज," शेठजी चिडून म्हणाले, "वजन तर सरदारांचंच जास्त! हुकूम वजनाचा होता, पळण्याचा नव्हता!"

"व्हय की!" तानू म्हणाली. "पन सरदारांचं वजन हाय कुठं? धुळीत! पोराच्या पाठीवर काय उरलं? काईच न्हाई. माझा आबा अजून बसलाय. आता सांगा शेटजी, कुनाच्या पाठीशी वजन जास्त?"

शेठजींनी तराजूवरची माळ काढून घेतली.

"उतरव की गं आता," बिरू वरून म्हणाला.

"थांबा आबा, निकाल लागू द्या!"

राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. "लागला निकाल! तूप, जोडे, वस्ताद, सगळं हिचं! आणि बुधल्यांवरचं ते चित्र खरवडून काढा!"

माणिकशेठनी लगेच हात जोडले. वारा फिरला की ही माणसं आधी फिरतात. "तानूबाळ, माझ्या मनात पहिल्यापासून तूच होतीस हो! घे ही हलगी. म्हण, माणिकशेठचं तूप खाऊन मी जिंकले!"

"ते खोटं हुईल, शेटजी. तुमचं तूप मी अजून चाखलंबी न्हाई."

"मग कसली दवंडी पिटणार तू?" राजानं विचारलं.

तानूनं बिरूला खाली ठेवलं आणि हलगीवर थाप मारली.

"ऐका हो ऐका! माणिकशेटचं तूप खाऊन पळाला, त्यो म्हागं ऱ्हायला! न खाता पळाली, ती जिंकली!"

राजा हसता हसता आसनावरून घसरला. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तानूच्या हातात घातलं आणि डोळे पुसत फर्मावलं, "शेठजी, वर्षभर तूप तुमचं आणि दवंडी हीच!"