आवडाईची घोंगडी

आपल्या आज्याच्या आज्यानंसुद्धा जी नुसती कानानं ऐकली, अशी ही गोष्ट आहे. फार वर्षांपूर्वी बोरओढा गावात आवडाई नावाची कुंभारीण राहत होती. तिचा नवरा सटवा अंथरुणाला खिळला होता. त्याला एकच दुखणं नव्हतं. पाय सुजलेले, पायाची जखम भरत नव्हती, चार पावलं टाकली की धाप लागायची.

वैद्यबुवा आले. म्हणाले, मीठ बंद, हलकं खायला द्या. जखमा बांधणारा न्हावी म्हणाला, अंगात ताकद नाही, बोकडाचा खारा रस्सा पाजा. देवऋषी म्हणाला, कडक उपास धरा. तिघंही आपापल्या परीनं शहाणे होते, पण एक यायचा तेव्हा दुसरा निघून गेलेला असायचा. आवडाईनं तिघांचंही ऐकलं, आणि सटवा गेला. असं म्हणतात, की त्याला पोचवून माणसं परतली तेव्हा ती एवढंच बोलली, "दुखण्यानं नाही गेला. तिघांच्या मधे सापडून गेला."

पुढच्या साली तुळाजी गुरव तसाच आडवा झाला. एकटा जीव, मागं-पुढं कुणी नाही. आवडाईनं तिघांना एकाच वेळी बोलावलं, तुळाजीच्या खाटेशी घोंगडी अंथरली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"आधी एकमेकांशी बोला," ती म्हणाली, "मग तुळाजीशी. तुमचं एक ठरल्याबिगर मी वाट सोडायची नाही."

तिघं भांडले, रुसले, पण दिवस कलायच्या आत त्यांचं एक ठरलं. ते गेले आणि खरं काम सुरू झालं. आवडाई रोज सकाळी तुळाजीकडे जायची. चूल पेटली का, मात्रा उगाळली का, धाप वाढली का, हे बघायची. त्याला झेपत नसेल ते तिघांना सांगून बदलून घ्यायची. शेजारणीला म्हणायची, आज पेज तुझी.

तुळाजी उठला. देवळापुढं उभा राहून शिंग फुंकू लागला. त्याच्यामागं अशीच टाकून दिलेली आणखी माणसं उठली. असं म्हणतात, की यम बोरओढ्याच्या वेशीपर्यंत यायचा, आवडाई कुणाच्या उंबऱ्यावर बसलीय ते बघायचा आणि रेडा माघारी वळवायचा.

ही कीर्ती देशमुखांच्या कानी गेली. देशमुख मनानं चांगले. त्यांना वाटलं, हे साऱ्या मुलखात व्हावं. त्यांनी कारभारी धाडला.

"काय काय लागतं तुला?" कारभाऱ्यानं विचारलं.

"घोंगडी कसलीही चालते, कारभारी. रोज जाणारं माणूस लागतं."

कारभाऱ्यानं मान डोलावली. थोड्याच दिवसांत गावोगाव घोंगड्या पोचल्या, काळ्याभोर, तांबड्या काठांच्या.

त्या चावडीत अंथरल्या गेल्या. ज्यांना कूस बदलता येत नव्हती, त्यांना झोळीत घालून तिथं आणलं. वैद्य एका कोपऱ्याला बसला, न्हावी दुसऱ्या, देवऋषी तिसऱ्या. ज्यानं त्यानं आपलं सांगितलं आणि आपल्या घरी गेला. काही आजारी तर परतीच्या वाटेवरच संपले. लोक म्हणू लागले, आवडाईची विद्या खोटी.

ते तिला सोसवलं नाही. ती स्वतः निघाली. या गावातून त्या गावात, उन्हातान्हात, प्रत्येक चावडीपुढं एकच मागणं. "एक माणूस द्या, रोज जाणारं."

"घोंगडी आहे की आमच्याकडं," लोक म्हणत.

सारा उन्हाळा असा पायाखाली गेला. पावसाच्या तोंडावर ती बोरओढ्याला परतली, ती तडक तुळाजीच्या घरी. दार लोटलेलं होतं. तुळाजी पुन्हा पडला होता आणि आता नव्हता. चूल कधीची गार. उशाशी कोरडा तांब्या.

शेजारीण गोजरा हात जोडून म्हणाली, "आम्हाला वाटलं, तू आलीस की बघशील. ते तुझं काम."

आवडाईला वाटलं होतं, परक्या गावांना उमजलं नाही. आता तिला कळलं, की आपल्या गावानंही नुसतं तिला पाहिलं होतं, शिकलं कुणीच नव्हतं. तिला रागही धरता येईना. सारं गाव हात जोडून उभं होतं. ती तुळाजीच्या उंबऱ्यावर बसली ती बसलीच. पाऊस आला, कोसळत राहिला. असं म्हणतात, की तिच्या पदराला शेवाळ धरलं, मग हातांना, आणि पोळ्याच्या सुमाराला लोकांनी बघितलं तर तिथं बाई नव्हती, बसलेली शिळा होती.

त्या शिळेवर आज देऊळ आहे. मुलखातल्या गावागावातून घोंगड्या येतात, देवीवर पांघरल्या जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आवडाईची पालखी निघते. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, त्या प्रत्येक दारापुढं ती थांबते, हा मान कुणी चुकवत नाही. ढोल वाजतो, नारळ फुटतो, उंबऱ्यावर बुक्का पडतो. आतलं माणूस पडल्या पडल्या सगळं ऐकत असतं. त्यानं आज काही खाल्लं का, हे विचारायला आत कुणी जात नाही. पालखीला पुढच्या गावी पोचायचं असतं.