नवरदेवाची गाडी आणि छताची काच

एका गावात एक भोळा मिस्त्री होता. सखाहरी त्याचं नाव. भोळा म्हणजे किती भोळा? 'जरा थांब' म्हटलं, की कुणी 'चल' म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही. पाण्याच्या मोटारी मात्र झकास दुरुस्त करायचा. आणि एकदा सांगितलेलं कधी म्हणजे कधी विसरायचा नाही. खरी पंचाईत तीच होती.

तर त्या गावात एक लग्न निघालं. नवरदेव प्रमोद, बाहेरगावचा. लग्नाआधी नवरदेवानं घोडीवरून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जायचं, ही तिथली रीत. पण हा गडी घोडीला जाम टरकायचा. ती नुसती फुरफुरली तरी याला घाम फुटायचा. म्हणून त्याच्या यशवंतमामानं आपली नवीकोरी गाडी आणली. गाडीच्या छताला काच. बटण दाबलं की काच सरकणार, नवरदेव मागच्या सीटवर उभा राहणार, कमरेपासून वर छताबाहेर. घोडीपेक्षा उंच!

बँडवाले आले. फेटा बांधून झाला. मामानं ऐटीत बटण दाबलं. काच हलेना. पुन्हा दाबलं. छे!

प्रमोदचं तोंड एवढंसं झालं. "मामा, घोडीवर मी बसणार नाही. आणि पायी गेलो तर सासरवाडीत जन्मभर हसतील मला!"

मुहूर्ताला दोन तास होते. गावात मिस्त्री एकच. सखाहरीला बोलावणं गेलं.

मामा म्हणाला, "काचेच्या खाचेत माती बसली असेल. जरा पाणी मार."

सखाहरीनं पाइप आणला आणि फर्रकन पाणी मारलं. गाडीच्या चारी काचा उघड्या. सीटा चिंब.

"अरे शहाण्या! गाडीवर पाणी घालायच्या आधी काचा बंद करायच्या असतात!"

"बरं झालं सांगितलंत मामा. आता नाही विसरत."

तेवढ्यात प्रमोदची आत्या टॉवेल घेऊन आली आणि आत बसून सीटा पुसायला लागली. खाचेतली माती अजून निघाली नव्हती. सखाहरीनं पुन्हा पाइप उचलला. पण या वेळी आधी चारी काचा बंद केल्या. दारंही बाहेरून कुलूपबंद करून टाकली. मग निवांत पाणी मारत बसला. वरून मे महिन्याचं ऊन. आत आत्याबाई काचेवर बुक्क्या मारतायत. बाहेर सखाहरी हात हलवून सांगतोय, "नाही नाही, पाणी चालू असताना काच उघडायची नाही!"

आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा पार उकडून निघाल्या होत्या. त्यांनी मामाला जे सुनावलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

मामा सखाहरीवर खेकसला, "अरे, आत माणूस असला तर आधी माणूस बाहेर काढायचा, मग कामाला हात लावायचा!"

"बरं झालं सांगितलंत मामा. आता नाही विसरत."

माती गेली, तरी काच हलेना. मामानं शहरातल्या गॅरेजला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "फ्यूज उडाला असेल. चार स्क्रू काढा, पट्टी उतरवा, फ्यूज बदला."

सखाहरीनं आधी गाडीत वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. शेजारच्या जीपमध्ये मात्र ड्रायव्हर घोरत होता. सखाहरीनं त्याला पाय धरून ओढला आणि बाहेर मातीत ठेवला. मगच कामाला लागला.

फ्यूज बदलला. बटण दाबलं. काच सुर्रकन उघडली! प्रमोदनं तर उडीच मारली.

पण पट्टी परत बसवायला स्क्रू कुठायत? मामा नव्या धोतरानिशी गाडीखाली शिरला. अर्धा तास रांगला. स्क्रू निघाले सखाहरीच्या खिशात.

"अरे, मिस्त्री ना तू? गाडीतून जे काही निघेल ते असं वर धरून मालकाला दाखवायचं असतं!"

"बरं झालं सांगितलंत मामा. आता नाही विसरत."

निघाली एकदाची मिरवणूक. प्रमोद छतातून वर, हात जोडून उभा. मामा गाडी चालवतोय. काच पुन्हा अडली तर जवळ माणूस हवा, म्हणून सखाहरी शेजारच्या सीटवर. मारुती झाला. पोरी गच्चीवरून बघत होत्या. प्रमोदची छाती फुगली होती.

गाडी मांडवाच्या दारात आली. तिथं नवरीची काकू तांब्या घेऊन उभी. नवरदेवाच्या गाडीच्या चाकांवर पाणी घालायचं, हाही मानच. काकूनं तांब्या कलता केला.

सखाहरी ओरडला, "थांबा काकू! पाणी घालताय? आधी काचा!"

आणि त्यानं भराभर सगळ्या काचा बंद केल्या. छताचीसुद्धा.

काच सरकत आली आणि प्रमोदच्या कमरेला घट्ट बसली. नशीब, शेरवानी जाड होती.

"आई गं! मामा, अडकलो!"

"सखाहरी, काच उघड! आधी काच उघड!"

"असं कसं मामा? आत माणूस आहे. आधी माणूस बाहेर काढायचा, मग काम."

सखाहरीनं मागं वळून पाहिलं. आत अर्धाच माणूस होता. ठीक आहे, जेवढा आहे तेवढा काढू. त्यानं दोन्ही हातांनी खालून धरलं आणि मोटार विहिरीतून ओढावी तसा हिसका दिला.

मग दार उघडून तो खाली उतरला. समोर सगळं वऱ्हाड. काकू, नवरीच्या मैत्रिणी, भटजी, बँडवाले. सखाहरीनं नवरदेवाची रेशमी विजार दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली.

"मामा, हे निघालं! नीट बघून घ्या!"

लग्न अगदी मुहूर्तावर लागलं. नवरीला स्टुलावर उभं करून गाडीच्या टपावरच हार घातले. मामा बटणावर बोट ठेवूनच बसला होता. पण नवरदेव काही केल्या काच उघडू देईना.