शहाणी लोळली ती वाळू

यातला एकही शब्द खरा मानलास तर तू गाढव. आणि खोटा मानलास तर गाढवाहून गाढव. बघ बाबा, तुला काय परवडतंय ते.

फार पूर्वी, म्हणजे माझे सगळे दात तोंडात होते त्याच्याही आधी, एका राजाकडे एक म्हातारा माळी होता. हात असा गुणाचा, की दातकोरणी जमिनीत खोवली तर तिलाही पालवी फुटावी. पण दोन वर्षं झाली, त्याच्या डोळ्यांपुढं धुकं साचलं होतं. मोगरा वासानं ओळखायचा, तण बोटांनी उपटायचा, आणि कुणाला सांगायचा नाही. आंधळा माळी ठेवतो कोण? राजाला मुजरा मात्र रोज अगदी नीट घालायचा. निदान त्याला तसं वाटायचं.

राजाची धाकटी लेक लांबच्या तापातून उठली होती. पाय नुसत्या काटक्या. वैद्य म्हणाला, "सकाळी गवतावर अनवाणी चालवा, संध्याकाळी वाळूत खेळवा. पायांत जीव येईल."

राजानं माळ्याला बोलावलं. "मागच्या अंगणात हिरवळ कर, शेजारी वाळूचा हौद कर. गुढीपाडव्याला माझी पोर चालली पाहिजे."

तेव्हा नुकती दिवाळी सरली होती. अंगणातली माती काळी, चिकट. पाणी घातलं की तळं. तिच्यात वाळू मिसळल्याशिवाय गवताची मुळं कुजणार, हे माळ्याला पाठ होतं. त्यानं गाढवांवरून वाळू आणणाऱ्या बाईला निरोप धाडला.

ही वाळूवाली तोंडानं फटकळ. तिची लाडकी गाढवी सगळ्यांच्या पुढं चालायची. नाव काय, तर शहाणी! बाईनं वानगीला तीन ढीग ओतले. "माळीबाबा, कुठली देऊ?"

माळ्यानं डोळे ताणले. दोन ढीग धुक्यात विरले. तिसरा तेवढा चमकला.

"ती पांढरी. राजाच्या घरी शोभेल."

"अहो, ती खाडीची आहे."

"मला शिकवतेस?"

"छे हो. मी गाढवांना शिकवते. माणसं ऐकत नाहीत."

खाडीची वाळू मातीत मिसळली, हौदातही तीच भरली. दरबार येऊन बघून गेला. काय ती शुभ्र, काय ती राजेशाही! माळ्यानं हरळी लावली. आठ दिवसांत ती पिवळी पडली. त्यानं आणखी पाणी घातलं. संक्रांतीला हात फिरवून बघितलं, तर बोटांखाली नुसता कुरकुराट.

तेवढ्यात हौदातून रडणं ऐकू आलं. पोर पडली होती, गुडघा खरचटला होता, आणि त्यात वाळू गेली होती.

"आजोबा, तुमची वाळू चावते!"

त्या रात्री म्हाताऱ्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी काठी टेकत नदीवर गेला.

वाळूवालीनं लांबूनच ओळखलं. "या, या! अडला हरी आला का गाढवाचे पाय धरायला?"

म्हातारा हळूच म्हणाला, "बाई, मला दिसत नाही गं."

बाईनं हातातलं फावडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "एवढंच ना? माझ्या शहाणीला तरी कुठं लिहितावाचता येतं?" आणि तिनं गाढवीचा दोर सोडला.

शहाणी खाडीच्या ढिगाशी गेली आणि जीभ काढून चाटत सुटली.

"ऐकताय ना चटक-चटक? मीठ आहे त्यात. गवत मेलं ते त्यानंच, पोरीचा गुडघा झोंबला तोही त्यानंच. गाढवाला गुळाची चव नसेल, मिठाची आहे!"

शहाणी दगडखाणीच्या चुऱ्यावर गेली. पाय ठेवला, मागं घेतला. "हा टोचतो. भिंतीला बरा, पोरांना नाही." मग नदीच्या वळणावरच्या वाळूत गेली, आणि धपकन! चारी पाय वर.

"ही हौदाला. पाण्यानं घोळून घोळून गोल केलीय. गालाला लावून बघा."

म्हाताऱ्यानं लावली. हसला.

"आणि गवताला?"

"जरा जाड लागते. ओली करून मूठ आवळा. लाडू वळला तर गाळ आहे, पाणी अडवणार. मूठ उघडताच सुटली, ती गवताची."

सांजेपर्यंत म्हातारा मुठी वळत बसला. बाईच्या डोळ्यांना जो गाळ दिसला नाही तो त्याच्या बोटांना लागला.

मग तो राजापुढं उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. "सरकार, दुसरा माळी बघा."

राजा म्हणाला, "अरे, म्हणून तू दोन वर्षं माझ्याऐवजी खांबाला मुजरा घालत होतास!" खो खो हसला, आणि मग हसू गिळून म्हणाला, "माझा दरबार डोळेवाल्यांनी भरलाय. पोरीच्या पायाखाली मीठ होतं, एकाला तरी दिसलं? तूच कर. तुझ्या बोटांनी कर."

खारी माती उपसली, नवी वाळू पडली. पाडव्याला हिरवळ काही गालिचा झाली नव्हती, विरळच होती. पण जिवंत होती. पोर नऊ पावलं चालली. दहाव्याला धडपडली ती थेट हौदात. सगळे धावले. बघतात तर शहाणी आधीच हौदात चारी पाय वर करून लोळतेय, आणि तिच्याशेजारी राजाची लेक, तश्शीच!

म्हातारा ते हसणं ऐकत उभा राहिला. त्याला बघायची गरजच पडली नाही.

तात्पर्य: वाळू डोळ्याला दाखवायची नसते, पायाला विचारायची असते. आणि दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणावं. खांबाला मुजरे घालू नयेत.

काय, मानलंस का खरं? नाही सांगायचं? बरं, राहू दे. ऊठ, बुडाची वाळू झटक आणि चालता हो आता!