धाकूची सही

“…मग जमीन कोणाची म्हणायची, बुवा? मालकाची, की कसणाऱ्याची?”

प्रश्न टाकून प्राध्यापक त्र्यंबक धारप थांबले. डोंगर चढून धाप लागली होती, पण आवाजातली ऐट शाबूत होती.

भिवाबुवा देवळामागच्या वीतभर तुकड्यात नाचणीतलं तण काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुम्हाला काय वाटतं?”

“वाटण्याचा प्रश्न नाही. चाळीस वर्षं अभ्यास केलाय मी.” धारपांनी पिशवीतून जाडजूड ग्रंथ काढला. “कोकणातल्या कुळांचा इतिहास. याला पारितोषिक मिळालं. तुमच्या पायाशी ठेवावा म्हणून आणला.”

“मला अक्षर येत नाही, मास्तर. तोंडाने सांगा.”

धारपांनी सांगायला घेतलं. सांगायची सवय होती.

“निम्मं पीक खोताचं. बी कुळाचं, बैल कुळाचे, घाम कुळाचा. खत घातलं तर वाढलेल्या पिकातलंही निम्मं खोताकडे. म्हणून कूळ खत घालताना हात आखडायचं. आणि खोत म्हणायचा, कुळं आळशी!”

“बरोबर.”

“पुढे कूळकायद्याचा सुगावा लागला, तशी खोतांनी कुळं फिरवायला सुरुवात केली. यंदा या शेतात, पुढल्या साली त्या. एका जागी राहिलं तर हक्क लागेल ना.”

“फिरत्या माणसाने बांध घातला नसेल.”

“बांध नाही, आंबा नाही, काही नाही. त्यावर अख्खं प्रकरण आहे.”

“आणि कायदा आल्यावर?”

“राजीनामे घेतले. कुळाने आपण होऊन जमीन सोडली, असे कागद. अडाणी माणसं, त्यांना काय कळणार… ते प्रकरण तर सगळ्यांना आवडलं.”

“वाचून दाखवा थोडं.”

धारपांनी चष्मा लावला. वर्गात वाचत तसं, एकेका शब्दावर वजन देत, एक पान वाचलं. बुवा तण टाकून बांधावर येऊन बसले. कान देऊन ऐकत राहिले.

पान संपलं.

“लिहिलंय तेच वाचलंत ना?”

बुवांनी सहज विचारलं होतं. अक्षर न येणारा माणूस विचारतो, तसं.

धारपांनी पुस्तक मिटलं. ते कानापासून मानेपर्यंत लाल झाले.



“धाकूने हे विचारलं नव्हतं,” ते म्हणाले.

“कोण धाकू?”

“धाकू गोरिवले. आमचं कूळ. माझे वडील खोत होते.”

धारपांनी चष्मा काढला.

“एकोणीस वर्षांचा होतो मी. कॉलेजातून मेच्या सुट्टीला घरी आलेलो. धाकू माझ्या वडिलांच्या वयाचा. म्हणाला, मला माझं नाव लिहायला शिकवा. रोज दुपारी पडवीत पाटी घेऊन बसायचो आम्ही. ‘ध’ने त्याला फार छळलं… पण आला. त्या दिवसापासून तो मला गुरुजी म्हणायला लागला.”

“म्हणजे तुमचा पहिला विद्यार्थी.”

“हो.”

“पुढे?”

“वडिलांनी कागद पुढे केला. राजीनाम्याचा. धाकू म्हणाला, गुरुजींनी वाचून दाखवलं तर सही करतो.” धारप नाचणीकडे बघत बोलत होते. “वडील माझ्याकडे बघत होते. मी वाचलं… की यापुढे खोताला निम्म्याऐवजी तिसराच हिस्सा द्यायचा. तसं त्यात काही नव्हतं.”

“सही केली त्याने?”

“जीभ दातांत धरून. आयुष्यातली पहिली सही. मग मान वर करून मला विचारलं, गुरुजी, ‘ध’ बरा आलाय का?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“छान आलाय, म्हणालो.”

…

“पुस्तकात आहे हे?”

“नाही. फसवणुकीची बावीस उदाहरणं आहेत. दुसऱ्यांची.”

“आणि शेत?”

“तिथे आमची काजूची बाग आहे आता.”

“धाकू?”

“गेला. बायको आहे, सुंदराबाई. मुलगा आहे, महादेव. सुंदराबाई दर गणपतीत टोपलीभर काकड्या घेऊन येते. गुरुजींसाठी म्हणून.”

“तुम्ही घेता?”

“…घेतो.”

धारप उठले आणि एकदम बुवांच्या पायांवर वाकले. बुवांनी पाय मागे घेतले.

“माझं काय घेतलंत तुम्ही?”

धारप तसेच डोंगर उतरले.

मार्गशीर्षात ते परत आले. हातात पिशवी नव्हती. दाढी वाढली होती. बुवांनी पाणी दिलं, ते प्यायले.

“जाऊन आलो,” ते म्हणाले. “वडिलांच्या पेटीत तो कागद होता. सुंदराबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला तो जसा आहे तसा वाचून दाखवला. मी त्या वेळी काय वाचलं होतं, तेही सांगितलं.”

“मग?”

“ती म्हणाली, ‘ठावं होतं आमाला.’”

बुवांनी मान हलवली.

“शेतातून काढलं, त्याच साली धाकूने तालुक्याला जाऊन विचारलं होतं. म्हणजे इतकी वर्षं… मी विचारलं, मग त्या काकड्या? तर म्हणाली, ‘पोराला शाळेत घालताना मास्तरनं अंगठ्याला शाईची डबी पुढं केली. ह्यांनी ती बाजूला सारली नि सही केली. त्या सहीच्या काकड्या त्या. देत जा, म्हणून सांगून गेलेत.’”

धारपांनी रिकामं भांडं बाजूला ठेवलं.

“शेत दिलं मी. महादेवच्या नावावर केलं. कागदाला बक्षीसपत्र म्हणतात. तोही तिला वाचून दाखवला. ‘बक्षीस?’ म्हणाली. मी म्हटलं, असंच लिहावं लागतं. तिने कागद घेतला, घडी घातली, कमरेला खोचला. आणि परत पाखडायला लागली.”

“बरं झालं.”

“हो.”

पण धारप उठले नाहीत. बोटांनी जमीन उकरत राहिले.

“अजून काय?” बुवांनी विचारलं.

“काही नाही.”

“बोला.”

“मी तिथून निघालो नाही, बुवा. तिच्या अंगणात उभा राहिलो. उन्हात. बराच वेळ. ती आपली पाखडतेय… महादेवने एकदा विचारलं, काही राहिलं का? मी म्हटलं, नाही. तरी उभाच.”

“कशाला?”

धारपांनी खाली घातलेली मान वर केली नाही.

“तिने हात जोडावेत म्हणून. वाट बघत होतो मी… त्यांचंच शेत त्यांना देऊन.”

डोंगरावर वारा नव्हता. देवळात कोणी नव्हतं. धारपांचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायचीही त्यांना लाज वाटत होती.

बुवा उठले. धारपांच्या समोर येऊन उभे राहिले. मातीने भरलेले दोन्ही हात त्यांनी जोडले आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

“एवढंच तुमचं येणं राहिलं होतं ना, मास्तर? हे घ्या.”